सांगता येत नाही

भाऊबीजेला अक्कानं पाट मांडला, भोवती रांगोळी घातली, तबक हातात घेतलं आणि तेवढ्यात दाजींचा मोबाइल वाजला. ३ नोव्हेंबर २०२४, रविवारची सकाळ. मी डोक्यावर रुमाल टाकून पाटावर बसलेलो, दाजी चष्मा नाकावर ओढून मेसेज वाचतायत.

"आयोवात कमला तीन टक्क्यांनी पुढं," दाजी म्हणाले.

"कुठली कमला?" अक्का म्हणाली. "आधी ओवाळू द्या की. दिवा विझेल."

मेसेज भाच्याचा होता. तो पिट्सबर्गला नोकरीला आहे. आयोवा हे अमेरिकेतलं एक राज्य, आणि कमला म्हणजे ट्रम्प यांच्याविरुद्ध उभ्या असलेल्या कमला हॅरिस. तिकडं तेव्हा शनिवारची रात्र चालू होती आणि मंगळवारी मतदान होतं. दाजींना अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाचं काय पडलंय, असं कुणालाही वाटेल. पण सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत त्यांचे टॉवेलचे वीस माग आहेत आणि मुंबईच्या एका व्यापाऱ्यामार्फत बराचसा माल अमेरिकेला जातो. ट्रम्प प्रचारात सांगत फिरत होते की बाहेरून येणाऱ्या सगळ्या मालावर दहा-वीस टक्के आणि चीनच्या मालावर साठ टक्के आयात शुल्क लावणार. दाजींचं गणित सरळ होतं. चीनवर साठ आणि आपल्यावर दहा म्हणजे गिऱ्हाईक आपल्या दारात. ट्रम्प येणार असतील तर सूत आत्ताच भरून ठेवायचं, नसतील तर हात आखडता घ्यायचा. म्हणून अख्खा ऑक्टोबर ते मला फोन करून विचारत होते, "काय बे, कोण येतंय? तुझे ते पोलवाले काय म्हणतेत?"

माझे पोलवाले! खानदानात मी एकटाच असा, ज्यानं कधीकाळी सर्व्हेचे पैसे घेतलेत. त्याबद्दल पुढं सांगतो.

आयोवाच्या त्या मेसेजमध्ये दम होता, हे मान्य करायला हवं. अ‍ॅन सेल्झर या बाईंचा पोल म्हणजे अमेरिकेतल्या जाणकारांना आदरानं कानाला हात लावायला लावणारी गोष्ट. २०१६ आणि २०२० मध्ये इतर पोल गडगडत असताना बाईंनी आयोवात दोन्ही वेळा ट्रम्पना सात टक्के आघाडी दाखवली होती, आणि ट्रम्प आठ-नऊ टक्क्यांनी जिंकले. त्याच बाई आता म्हणत होत्या, हॅरिस ४७, ट्रम्प ४४. विचारलेली माणसं ८०८.

"आठशे?" दाजींनी मेसेज परत वाचला. "आमच्या मंडळाच्या मिरवणुकीत यापेक्षा जास्त लेझीमवाले असतेत."

मला या प्रश्नाचं उत्तर वडिलांकडून मिळालेलं. आमचे वडील सोलापूरच्या बाजार समितीत कांद्याच्या एका आडतीवर हिशोबाला होते. डिसेंबर-जानेवारीत कांद्याच्या गाड्यांची रांग लागते ती बघण्यासारखी. शाळेला सुट्टी असली की मी डबा घेऊन जायचो. व्यापारी काही अख्खी गाडी उपसून बघत नाही. एखादं पोतं फोडतो, कांदे पायानं पसरतो, एक उचलून दाबतो, पापुद्रा ओढतो आणि भाव बोलतो. एका पोत्यावरून शंभर पोत्यांचा भाव ठरतो, आणि बहुतेक वेळा बरोबरच ठरतो. गाडीत शंभर पोती आहेत की तीनशे, यानं फार फरक पडत नाही. आठशे माणसांचंही तसंच आहे. आयोवा असो की अख्खी अमेरिका, मतदार किती यापेक्षा निवड कशी केली याला महत्त्व.

पण वडील आणखी एक सांगायचे. पोतं कुणी काढून दिलं ते बघ. शेतकऱ्यानं पुढं केलेलं पोतं फोडायचं नाही, खालच्या थरातलं ओढायला सांगायचं. पोत्याच्या तोंडाशी नेहमीच गोल, लालभडक, एकसारखा माल असतो. चिंगळ्या आणि मोड आलेले मध्यात दडलेले असतात. शितावरून भाताची परीक्षा आपण म्हणतो खरं, पण ती हलवलेल्या भाताची. तळाशी करपलंय का, हे वरचं शीत काय सांगणार?

हे मी दाजींना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे कमला की ट्रम्प?"

हीच तर गंमत आहे. पोलवाला सांगतो एक आणि आपण ऐकतो दुसरं. हजार माणसांचा पोल असला तर प्रत्येकाच्या आकड्यात साधारण तीन टक्के इकडंतिकडं धरायचे असतात, निव्वळ नशिबाचा खेळ म्हणून. आणि दोघांमधल्या अंतरात जवळजवळ दुप्पट, कारण एकाचं कमी झालं की बहुधा दुसऱ्याचं वाढतं. म्हणजे ४८ विरुद्ध ४७ असा पोल आला तर पोलवाला म्हणत असतो, की बाबांनो, हा सहा-सातनं पुढं असेल किंवा तो पाचनं पुढं असेल, मला दिसत नाही. आपण हेडलाइन वाचतो: अमुक पुढे. बरं, ही चूक अर्धी करायची तर माणसं दुप्पट विचारून भागत नाही, चौपट लागतात. एवढा खर्च करतो कोण?

आणि हे सगळं निवड चोख असेल तर. आयोवात पुढं काय झालं माहीत आहे? ट्रम्प तेरा टक्क्यांनी जिंकले. तीननं मागं म्हणून दाखवलेला माणूस तेरानं पुढं. म्हणजे सोळा टक्क्यांची तफावत, आणि तीही ज्यांच्या नावावर लोक शपथ घ्यायचे त्या बाईंची. नशिबाच्या फेऱ्यात ती बसत नाही. पोतंच तोंडाशी भरलेलं निघालं.

तर आता माझी गोष्ट.

२००४ चा एप्रिल. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, आणि एका संस्थेला लोकसभेच्या सर्व्हेसाठी पोरं हवी होती. नाव सांगत नाही, आता त्याला अर्थही नाही. दिवसाला सत्तर रुपये आणि एक टोपी. टोपीवर काहीच लिहिलेलं नव्हतं, फक्त उन्हासाठी. अशोक चौक, कन्ना चौकाकडचा भाग आमच्या वाट्याला. नियम असा: ठरवलेल्या कोपऱ्यापासून उजव्या हातानं चालत जायचं, दर दहावं घर घ्यायचं, घर बंद असेल तर संध्याकाळी परत यायचं, निम्म्या बायका हव्यात, दिवसाला वीस फॉर्म.

पहिल्या दिवशी नियम पाळला. संध्याकाळी सात वाजता सात फॉर्म झाले होते. कागदावर दहावं घर सोपं असतं. प्रत्यक्षात दहाव्या घराला कुलूप असतं, नाहीतर आतून कुणीतरी ओरडतं, "कोण नाही घरात!" अकराव्या घरासमोर मात्र बनियनवर बसलेला एक काका असतो, जो स्वतःहून हाक मारतो, "काय लिहायलास रे? इकडं ये, मी सांगतो कोण येणार ते." या काकांनी माझे निम्मे फॉर्म भरले. वेळ असलेले, मत असलेले, आवाज असलेले. आजही पोलचा कुठलाही आकडा बघितला की मला आधी तो बनियनवाला काका दिसतो.

आणि मग ती विडीवाली. अंधारी खोली, दारातून येणाऱ्या उजेडात बाई बसलेली, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. बोटं अशी चाललेली की विडी कधी वळली, कधी तोंड मुडपलं आणि कधी दोरा बांधला ते कळत नव्हतं. मी प्रश्न विचारला. बाईनं वर न बघता उत्तर दिलं, "तेल्वदु." माहीत नाही. दुसरा प्रश्न. "तेल्वदु." मागून सासूनं पक्षाचं नाव सांगितलं, वर तेलुगूत काहीतरी दरडावलं. सूनबाईची बोटं थांबली नाहीत. मी सासूनं सांगितलेल्या चौकटीत पेनानं खूण केली आणि उठलो. शाळकरी मुलगी दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "आईचं वेगळंय. ती सांगत नसते."

फॉर्मवर आठवा पर्याय होता: सांगता येत नाही. मी खूण बदलायला हवी होती. पेनाची होती, फॉर्म खराब झाला असता, आणि फॉर्म मोजून दिलेले. नाही बदलली.

दुसरं कारणही होतं. आदल्या संध्याकाळी सुपरवायझरनं आमचे गठ्ठे चाळून सांगितलेलं, "हे 'सांगता येत नाही' एवढे आणू नका रे. वर चालत नाही." वर म्हणजे कुठं, हे आम्ही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी शेवटचे तीन फॉर्म मी चहाच्या टपरीवर बसून भरले. एक याला, एक त्याला, एक अपक्षाला. आपल्या मते मी न्याय केला होता.

पुढं देशभरातल्या एक्झिट पोलनी वाजपेयींची आघाडी सगळ्यात पुढं दाखवली आणि निकालात सरकार गेलं. आमच्या तीन फॉर्ममुळं गेलं असं मी म्हणत नाही! पण खरी मौज सोलापुरात झाली. देशात अंदाज आपटले आणि इथं भाजपचे सुभाष देशमुख निवडून आले, तेही मुख्यमंत्री असलेल्या सुशीलकुमार शिंदे यांच्या पत्नी उज्ज्वलाताईंना हरवून. म्हणजे एखाद्यानं फक्त आमच्या गावाकडं बघून देशाचा अंदाज बांधला असता तर तो त्या चुकलेल्या पोलशी तंतोतंत जुळला असता. तेव्हापासून "आमच्याकडची हवा" सांगणाऱ्याचं मी ऐकून घेतो, लिहून घेत नाही.

हवेचा भरवसा फार पक्का असतो मात्र. आमच्याच जिल्ह्यातलं मारकडवाडी आठवा. २०२४ च्या विधानसभेला माळशिरसमधून उत्तमराव जानकर जिंकले, पण त्या गावात राम सातपुते यांना जास्त मतं निघाली. गावकऱ्यांच्या एका गटाला ते पटेना. आपल्या गावाचं मन आपल्याला ठाऊक आहे, म्हणून त्यांनी ३ डिसेंबरला मतपत्रिकेवर स्वतःच मतदान घ्यायचं ठरवलं. जमावबंदी लागली, पोलिस आले, बेत रद्द झाला. त्यातलं राजकारण बाजूला ठेवू. मला कुतूहल आहे ते त्या खात्रीचं. एका गावात, सगळे सगळ्यांना ओळखत असताना, शेजाऱ्याचं मत आपल्याला माहीत आहे असं आपण किती सहज धरून चालतो. त्या विडीवालीच्या सासूलाही तसंच वाटत असणार.

अमेरिकेतल्या पोलवाल्यांची दुखणी वेगळी नाहीत, फक्त जुनी आणि नीट नोंदवलेली आहेत. १९३६ मध्ये 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकानं एक कोटी कार्डं पाठवली, तेवीस लाखांहून जास्त परत आली, आणि त्यावरून राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट हरणार, त्यांचे प्रतिस्पर्धी लँडन जिंकणार असं छापलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं घेऊन गेले. पत्ते टेलिफोन आणि मोटारी असणाऱ्यांच्या याद्यांतून काढलेले, आणि कार्ड परत पाठवायची तसदी घेणाऱ्यांत रूझवेल्टवर चिडलेले जास्त. बनियनवाले काकाच, इंग्रजी बोलणारे. त्याच वेळी दुसरे एक पोलवाले, जॉर्ज गॅलप यांनी त्या मानानं मूठभर माणसं विचारून रूझवेल्ट येणार हे सांगितलं होतं.

आता तर कार्डही नाही, फोन आहे, आणि फोन कुणी उचलत नाही. प्यू रिसर्च सेंटरच्या फोनवरच्या सर्व्हेंना १९९७ मध्ये शंभरातले ३६ जण प्रतिसाद द्यायचे, २०१८ मध्ये सहा. भाचा सांगत होता, "मामा, मी व्हिसावर आहे, मला मतसुद्धा नाही, तरी रोज फोन येतात. मी उचलत नाही. आमच्या मजल्यावर कुणीच उचलत नाही." चौऱ्याण्णव दारं बंद आणि सहा उघडी. मग पोलवाला काय करतो, तर त्या सहांना वजन देतो. कमी शिकलेले कमी सापडले तर सापडलेल्या एकाला दीड धरतो, पदवीवाला जास्त आला तर त्याला पाऊण. २०१६ मध्ये बऱ्याच राज्यांतल्या पोलनी शिक्षणाचं हे वजन दिलंच नव्हतं. पदवीधर उत्तरं जास्त देतात आणि त्या वेळी ते ट्रम्पविरुद्धच्या हिलरी क्लिंटनकडं झुकलेले होते. विस्कॉन्सिन, मिशिगन, पेनसिल्व्हेनिया मिळून अठ्ठ्याहत्तर हजारांहून कमी मतांनी राष्ट्राध्यक्षपद फिरलं. क्लिंटन यांना देशात मतं जास्त पडली होती, पण तिथं मोजतात ती राज्याराज्यांना वाटून दिलेली एकूण ५३८ मतं, आणि ती बहुमताच्या २७० च्या पुढं ट्रम्पना गेली.

वजन देऊनही एक भोक उरतं. सापडलेला कमी शिकलेला माणूस हा न सापडलेल्यासारखाच असतो का? दारात येऊन बोलणारी विडीवाली ही "तेल्वदु" म्हणणारीसारखं मत देते का? याचं गणित कुणाकडं नाही. २०२० ला शिक्षणाचं वजन होतं, तरीही देशपातळीवरची चूक चाळीस वर्षांतली सर्वांत मोठी निघाली.

पण गंमत बघा, २०२० च्या चुकीवरून घरोघरी भांडणं झाली नाहीत, कारण पोलनी सांगितलेले बायडेनच आले. त्याहून मजा २०१२ ची. पोलची सरासरी ओबामांना साधारण एक टक्क्याची आघाडी देत होती, मिळाली चारच्या आसपास. चूक तीन टक्के. सगळे म्हणाले, वा, पोल बरोबर! २०२४ ला सरासरी हॅरिसना एक टक्का आघाडी देत होती, आणि ट्रम्प दीड टक्क्यानं पुढं निघाले. चूक अडीच टक्के, म्हणजे २०१२ पेक्षा कमीच. सगळे म्हणाले, पोलवाल्यांना समुद्रात बुडवा. आपण चूक मोजत नाही, नाव मोजतो. लढत अटीतटीची असली की एवढीशी चूक नाव फिरवते, आणि ती चूक सहसा सगळीकडं एकाच दिशेनं असते, कारण एका राज्यात फोन न उचलणारा माणूस शेजारच्या राज्यातही फोन उचलत नाही. म्हणून चुरशीची म्हणवली गेलेली सातही राज्यं ट्रम्पना गेली. बरोबरीचा अर्थ निम्मी-निम्मी वाटून मिळतील असा होत नाही.

एका गोष्टीवर मात्र मी खरोखर खट्टू झालो. शेवटच्या आठवड्यात त्या सात राज्यांचे पोल एकापाठोपाठ एक बरोबरी दाखवत होते. एक टक्का, शून्य, एक टक्का. लढत खरंच बरोबरीची असली तरी आठशे-हजार माणसांच्या पोलमध्ये निव्वळ नशिबानं मधूनच कुठं चार, कुठं पाच यायला हवेत. सगळेच गुळगुळीत आले म्हणजे कुणीतरी वेडावाकडा फॉर्म गठ्ठ्यातून बाजूला काढतंय. कळपाबाहेर पडायची भीती. मला आमचा सुपरवायझर आठवला. वर चालत नाही. सेल्झरबाई सोळा टक्क्यांनी चुकल्या, पण आलं ते त्यांनी छापलं. या एका गोष्टीसाठी त्यांच्याबद्दलचा माझा आदर कमी झालेला नाही, दाजी काहीही म्हणोत.

मग विश्वास ठेवायचा की नाही? भाऊबीजेच्या जेवणावर, शेंगा चटणी आणि भाकरी कुस्करताना दाजींनी शेवटी वैतागून हाच प्रश्न टाकला. मी म्हणालो, "पोल सांगतोय लढत घासून आहे. तेवढं खरं माना. कोण, ते त्याला माहीत नाही, तुम्ही त्याच्या तोंडून वदवून घेताय." दाजी म्हणाले, "म्हणजे सूत घेऊ नको?" अक्का म्हणाली, "अर्धं घ्या."

दाजींचा खरा विश्वास तसा भाकणुकीवर. संक्रांतीच्या गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत, होम मैदानावर होम झाला की देशमुखांचं वासरू आणतात, दिवसभर उपाशी ठेवलेलं. पुढ्यात धान्य, गूळ, भाजीपाला मांडतात. वासरू कशाला तोंड लावतं, बिथरतं का, मूत्र टाकतं का, यावरून यात्रेचे मानकरी हिरेहब्बू पाऊसपाणी आणि बाजाराचे भाव सांगतात. थंडीत कुडकुडत हजारो माणसं ऐकायला उभी असतात, त्यांत आडतवाले, मागवाले, आणि दरवर्षी मीसुद्धा. श्रद्धेचा भाग निराळा. पण तिथं कुणी खोटं बोलत नाही, एवढं तर खरं. वासराला सासू नसते.

६ नोव्हेंबरला, आपल्याकडं दुपारी चारच्या सुमारास, ट्रम्प जिंकल्याचं जाहीर झालं. दाजी खूश. भाच्यापेक्षा, सेल्झरबाईंपेक्षा त्यांचा अंदाज खरा ठरला होता. अर्धं राहिलेलं सूतही उचललं. आणि २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेनं भारताच्या मालावर पन्नास टक्के शुल्क लावलं. नाव बरोबर आलं, हिशोब आडवा पडला. वीसपैकी आठ माग तेव्हा बंद होते, आणि शेडमध्ये गेलं की एकमेकांशी ओरडून बोलायची सवय असलेली माणसं नेहमीच्या आवाजात बोलत होती, हे फार विचित्र वाटायचं.

त्या नोव्हेंबरातली एक गोष्ट राहिली. विधानसभेच्या मतदानाला आठवडा असेल. दुपारी बेल वाजली. दारात एक मुलगी, खांद्याला सॅक, हातात टॅब, ओढणी डोक्यावरून घेतलेली. सर्व्हे. मी इतक्या उत्साहानं आत बोलावलं की ती घाबरलीच. पाणी दिलं. कितवं घर, असं विचारलं, तर म्हणाली, "काका, बाकीची बंदच होती." मी सगळ्या प्रश्नांची खरी उत्तरं दिली, जात विचारली तीही, दुचाकी किती तेही. म्हणजे आता तो काका मी झालो होतो, फक्त बनियनऐवजी शर्ट होता.

"घरातल्या एका लेडीजचं पण हवंय," ती म्हणाली.

बायको पदराला हात पुसत बाहेर आली. प्रश्न ऐकला. "मला काय कळतंय त्यातलं," म्हणाली. मुलीनं परत विचारलं. मी गप्प बसलो, मुद्दाम. मला सासू व्हायचं नव्हतं. बायकोनं मान हलवली. मुलीचं बोट टॅबवर शेवटच्या पर्यायापाशी थांबलं, तिनं माझ्याकडं एकदा बघितलं, बहुतेक तिच्याही सुपरवायझरनं काहीतरी सांगितलेलं असणार. मग तिनं तो दाबला.

दार लावल्यावर मी म्हणालो, "अजून ठरलं नाही का तुझं?"

"ठरलंय की कधीचं. तिला कशाला सांगू?"

"आणि मला?"

आत दूध उतू चाललं होतं. ती गेली.